कंपनी गेली, खुर्ची राहिली: जुन्या चेअरलिफ्टवर मुलीला बसवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सिअ‍ॅटलला राहता, हिवाळ्यात मुलीला स्कीइंग शिकवायला जवळच्या एका लहान डोंगरावर नेलं. तिथली चेअरलिफ्ट दोघांची, दोन बैठकांच्या मधोमध एकच लोखंडी दांडा, पुढे धरायला आडवी दांडी नाही, आणि खांबावरून जाताना कुरकुर. खालच्या स्टेशनच्या पाटीवर ‘रिबलेट’ हे नाव. घरी येऊन शोधलंत तेव्हा कळलं की ही कंपनी २००३ मध्येच बंद पडली. बनवणाराच उरला नाही ती लिफ्ट चालते कशाच्या भरवशावर, आणि आठ वर्षांच्या मुलीला तिच्यावर बसवावं का? शिवाय या जुन्या लिफ्ट कोणी बांधल्या, तेही सांगा म्हणालात.

मी गेली सव्वीस वर्षं अशाच लिफ्टची देखभाल करतोय. त्याआधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात सात गळीत हंगाम काढले. दोन्ही कामांची जातकुळी एकच आहे. हंगाम चालू असताना यंत्र थांबवायची सोय नसते, आणि हंगाम संपला की ते पूर्ण उघडून बसायचं. लोक बर्फातली लिफ्ट बघतात, पण तिचं भवितव्य ठरतं ते जून ते सप्टेंबरच्या उन्हात, आम्ही ती खोलून ठेवतो तेव्हा.

आधी तुमच्या मुख्य शंकेचं उत्तर: हो, बसवा. मात्र कोणती जुनी लिफ्ट भरवशाची आणि कोणती नाही हे कळायला ती कोणाच्या हातची आहे, तिचा वारस कोण आणि आज तिची नोंदवही कोण लिहितं, हे माहीत हवं. म्हणून जरा मागे जातो.

चेअरलिफ्टचा जन्म बर्फात झालेला नाही. १९३६ साली युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष अ‍ॅव्हरेल हॅरिमन आयडाहोत सन व्हॅली नावाचं हिवाळी ठिकाण उभारत होते. प्रवाशांनी रेल्वेनं तिथे यावं हा हेतू. स्कीवाल्यांना डोंगरावर चढवायचं कसं, हा प्रश्न ओमाहातल्या रेल्वेच्या अभियंत्यांकडे गेला. त्यांच्यात जिम करन नावाचा अभियंता होता. उष्ण प्रदेशात केळ्यांचे घड बोटीवर चढवण्यासाठी आकडे लावलेला फिरता दोर असायचा, ते काम त्याने पाहिलं होतं. त्याने विचार केला की आकड्याच्या जागी खुर्ची टांगली तर माणूस का चढणार नाही? वरिष्ठांना ते धोक्याचं वाटलं. पण स्कीइंगचे सल्लागार चार्ली प्रॉक्टर यांना कल्पना पटली. मग ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगून, माणसांना चाकांचे स्केट घालून उभं करून, किती वेगाने मागून आलेली खुर्ची माणसाला न दुखवता उचलते ते तपासलं. त्या हिवाळ्यात डॉलर माउंटन आणि प्रॉक्टर माउंटनवर एकेरी खुर्च्या चालू झाल्या. बांधल्या अमेरिकन स्टील अँड वायर कंपनीने.

हे नाव लक्षात ठेवा. तारेचे दोर बनवणारी ही कंपनी. खाणीतून खनिज खाली आणणारे दोरमार्ग तिला माहीत होते, त्यामुळे खुर्चीचा दोरमार्ग हा तिच्या जुन्या धंद्याचाच पुढचा टप्पा होता. व्हरमाँटमधली स्टोची एकेरी खुर्ची १९४०ची, अ‍ॅस्पेनची पहिली लिफ्ट १९४६-४७ची, मॅड रिव्हर ग्लेनची १९४८ची. अ‍ॅस्पेनच्या त्या लिफ्टचं मोठं चाक आणि काही खांब गावाच्या कडेला अजून उभे आहेत. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. लोखंडाच्या कोनपट्ट्या जोडून केलेल्या त्या खांबाला हात लावला तर खाणीतल्या दोरमार्गाचाच भाऊ वाटतो.

तुमच्या रिबलेटचं मूळही खाणीतच. बायरन रिबलेट १८९०च्या दशकात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या चांदी-शिशाच्या खाणींसाठी दोरमार्ग बांधत असे. डोंगराच्या पोटातून काढलेलं खनिज बादल्यांतून दरीपल्याड न्यायचं, हे काम. पुढे कंपनीचं बस्तान वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात बसलं. १९३९ साली ओरेगनमधल्या माउंट हूडवर, टिंबरलाइन लॉजपासून वर जाणारी ‘मॅजिक माइल’ नावाची खुर्ची तिने बांधली. नॉर्वेचे युवराज ओलाव आणि युवराज्ञी मार्था यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्यानंतरची साठएक वर्षं अमेरिकेच्या वायव्य भागात लहान-मोठा डोंगर आणि रिबलेटची दोघांची खुर्ची हे समीकरणच झालं. स्पोकेनच्या आसपास फिरलात तर अजून दिसतं.

रिबलेट ओळखायची कशी ते सांगतो, कारण तिचा गुण आणि तिची अडचण एकाच जागी आहे. बहुतेक स्थिर पकडीच्या, म्हणजे खुर्ची दोराला कायमची जोडलेल्या, लिफ्टमध्ये खुर्ची दोराला बाहेरून चिमट्याने पकडलेली असते. दोराभोवती पोलादी जबडा, वर नट आणि स्प्रिंग. खाली उभं राहून वर पाहिलं तर प्रत्येक खुर्चीच्या डोक्यावर ती गाठ दिसते. रिबलेटच्या खुर्चीवर ती दिसत नाही. दोर सपाट दिसतो आणि खुर्ची जणू दोरातूनच उगवलेली वाटते. कारण तिची क्लिप दोराच्या आत असते.

तारेच्या दोराला सहा पेड असतात, ते मधल्या गाभ्याभोवती पिळलेले. जुन्या दोरात हा गाभा अंबाडीसारख्या तंतूंचा असे, आता प्लास्टिकचा येतो. रिबलेटची क्लिप बसवायची म्हणजे दोन पेडांमध्ये पहार घालून दोर उघडायचा, तेवढ्या भागातला गाभा काढून टाकायचा आणि क्लिपचे दोन दांडे दोन्ही दिशांना दोराच्या पोटात सरकवायचे. पहार काढली की पेड आपल्या पिळाने आवळून बसतात. दोरावर जितका ताण, तितकी पकड घट्ट. दोर चाकावरून जाताना मध्ये गाठ येत नाही म्हणून धक्का बसत नाही. आणि नट ढिला होऊन खुर्ची घसरली असं या रचनेत होत नाही. खाणीत शिकलेल्या माणसाचं हे डोकं आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

अडचण अशी की आतलं काही दिसत नाही. क्लिपचा दांडा दोराच्या पोटात, तिथे पाणी शिरतं, ग्रीस वाळतं. म्हणून क्लिपा ठरावीक तासांनंतर काढून दोरावर पुढे सरकवाव्या लागतात. दोराच्या त्याच जागेला सतत वाक बसू नये हा एक हेतू, आणि काढलेली क्लिप तपासता यावी हा दुसरा. काढलेली प्रत्येक क्लिप आम्ही धुतो, चुंबकीय करतो आणि तिच्यावर लोहकणांचं द्रावण टाकतो. पोलादात केसाएवढी चीर असली तरी कण तिथे रांगेत गोळा होतात आणि अतिनील दिव्याखाली हिरवी रेघ चमकते. मला अशा रेघा सापडल्यात. पहिली सापडली तेव्हा माझ्याबरोबर काम शिकवणारा म्हातारा मिस्त्री होता. त्याने क्लिप माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “अंगठा फिरव.” अंगठ्याला काहीच लागलं नाही. दिव्याखाली रेघ स्वच्छ दिसत होती. त्यानंतर हाताला गुळगुळीत लागलं म्हणून भाग चांगला, असं मी कधी म्हटलेलं नाही.

तुम्ही ऐकलेल्या कुरकुरीबद्दलही बोलून घेतो. खांबावर दोर ज्या चाकांवरून धावतो त्यांना आम्ही शीव्ह म्हणतो. त्यांच्या कडेला रबराचं अस्तर असतं. शून्याखाली पंधरा अंशांवर हे रबर कडक होतं आणि दोर त्यावरून जाताना आवाज करतो. सकाळी पहिल्या तासात सगळीच जुनी लिफ्ट कण्हते, ऊन आलं की गप्प होते. काळजी वाटावी असा आवाज वेगळा: एकाच चाकातून, प्रत्येक फेऱ्याला, त्याच ठेक्यात येणारा खट्. तो बेअरिंगचा असतो. मी अजूनही लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक धुऱ्याच्या घरावर ठेवून दुसरं टोक कानाला लावतो. साखर कारखान्यात पंपाचं बेअरिंग आम्ही असंच ऐकायचो. चांगलं बेअरिंग घोंगावतं, वाईट बेअरिंगमध्ये वाळू घातल्यासारखं ऐकू येतं.

आता बाकीच्या कारखान्यांकडे. या धंद्यात नावं इतकी बदलली की माणूस गोंधळतो, पण वंशावळ लावली की सगळं सोपं होतं. पाटीवरचं नाव मेलेलं दिसलं तर मी पहिली गोष्ट शोधतो ती त्याचा वारस.

कोलोरॅडोत डेन्व्हरचा रॉबर्ट हेरन हा मोठा माणूस. बर्थाउड पासवर १९४७ मध्ये त्याने दोघांची खुर्ची बांधली, अगदी सुरुवातीच्या दुहेरी खुर्च्यांपैकी ती एक. मिशिगनच्या बॉइन माउंटनवर १९६४ मध्ये चौघांची खुर्ची आली. त्या काळात हे धाडसच होतं. बॉइनची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिथले मालक एव्हरेट किर्चर यांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी सन व्हॅलीतली ती डॉलर माउंटनची मूळ खुर्चीच विकत घेऊन मिशिगनला नेली होती. जुनी लिफ्ट उतरवून दुसऱ्या डोंगरावर लावणं हा या धंद्यातला तेव्हापासूनचा रिवाज आहे. त्यामुळे पाटीवरचं साल आणि त्या जागेवरचं साल जुळेलच असं नाही. हेरनची कंपनी पुढे फ्रान्सच्या पोमाशी जोडली गेली.

पोमा म्हणजे झां पोमागाल्स्की. १९३६ मध्ये त्याने आल्प द’ह्युएझ इथे तबकडीवर बसून ओढत नेणारी लिफ्ट लावली. माणूस जमिनीवरच राहतो, पायांमध्ये काठी, टोकाला गोल तबकडी, वर फिरता दोर. अमेरिकेत त्या प्रकाराला अजून ‘पोमा’च म्हणतात, कोणत्याही कंपनीची असली तरी. आपल्याकडे झेरॉक्स म्हणतात तसं. आपल्या देशातल्या वाचकांना पोमा नकळत माहीत आहे, कारण गुलमर्गचा गोंडोला त्यांनीच बांधलेला.

ओढत नेणाऱ्या लिफ्टचा इतिहास खुर्चीपेक्षा जुना. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये शोलाख गावी रॉबर्ट विंटरहाल्डरने १९०८ मध्ये पाणचक्कीच्या जोरावर चालणारी लिफ्ट केली. स्वित्झर्लंडच्या दावोसला एर्न्स्ट कॉन्स्टामची लिफ्ट १९३४च्या डिसेंबरात चालू झाली, तिथून टी-बार, म्हणजे उलट्या ‘टी’ आकाराच्या दांड्याला टेकून ओढत नेणारी लिफ्ट, जगभर गेला. ऑस्ट्रियातल्या व्होल्फुर्टचे डॉप्पेलमायर १८९०च्या दशकात लोहारकामातून उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी झ्युर्सला पहिली ओढलिफ्ट लावली.

आणि व्हॉन रोल. या स्विस कंपनीबद्दल मी जास्त लिहितोय, कारण तिचं काम बघून माझे डोळे उघडले. स्थिर पकडीच्या खुर्चीची मोठी मर्यादा म्हणजे वेग. खुर्ची दोराला कायमची बांधलेली, म्हणून ज्या वेगाने दोर चालतो त्याच वेगाने ती तुमच्या गुडघ्यामागे येऊन लागते. दोघांच्या खुर्चीला सेकंदाला अडीच मीटरच्या वर जाणं अवघड. व्हॉन रोलने १९४०च्या दशकातच, फ्लिम्स इथे, स्टेशनात आल्यावर दोर सोडणारी खुर्ची चालवून दाखवली. खुर्ची दोरापासून सुटून रुळावर येते, माणूस निवांत बसतो, मग ती पुन्हा दोर पकडते. पकडीचा जोर स्प्रिंगवर नसून बसलेल्या माणसाच्या आणि खुर्चीच्या वजनावर. आणि माणसं चालीच्या दिशेला आडवी, दरीकडे तोंड करून बसायची, वर छोटं छप्पर. सोलोथुर्नजवळची वाइसेनश्टाइनची खुर्ची अशीच, १९५०ची. ती २००९ पर्यंत चालली. ती वाचवायला स्वित्झर्लंडमधल्या वारसाप्रेमी मंडळींनी कोर्टापर्यंत झुंज दिली, पण शेवटी २०१४ मध्ये तिथे बंद डब्यांचा गोंडोला आला. इतकी सुंदर रचना फक्त संग्रहालयापुरती उरावी याचं मला आजही वाईट वाटतं. आज तुम्ही मोठ्या डोंगरावर ज्या वेगवान खुर्च्यांवर बसता, सेकंदाला पाच मीटरवाल्या, त्यांची कल्पना तिथे होती. चौघांची तशी पहिली खुर्ची डॉप्पेलमायरने कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजला १९८१ मध्ये लावली.

न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनचे हॉल हे टी-बार आणि दुहेरी खुर्च्यांसाठी पूर्वेकडे घराघरांत माहीत असलेलं नाव. ते ऐंशीच्या दशकात व्हॉन रोलकडे गेले आणि व्हॉन रोलचा दोरमार्ग विभाग १९९६ मध्ये डॉप्पेलमायरने घेतला. युटाहमध्ये थायोकॉल ही रॉकेटचं इंधन बनवणारी कंपनी सत्तरच्या दशकात काही वर्षं लिफ्टही बांधत होती. तिच्यातल्या दोघांनी बाहेर पडून सीटेक काढली. सीटेक स्विस गारावेंटाशी जोडली गेली, आणि २००२ मध्ये गारावेंटा व डॉप्पेलमायर एक झाले. इटलीचे लाइटनर आणि फ्रान्सची पोमा आज एकाच समूहात आहेत. म्हणजे हॉल, व्हॉन रोल, थायोकॉल, सीटेक, गारावेंटा या सगळ्यांची पिंडं डॉप्पेलमायरच्या घरी पोचतात, आणि हेरनचं पोमाकडे. या वंशातल्या लिफ्टचा भाग लागला तर विचारायला दार आहे.

निर्वंश झालेल्यांमध्ये रिबलेट येते, बोर्विग येते आणि यान येते. इथे फरक करायला हवा.

रिबलेट बंद झाली ती धंद्याची दिशा बदलल्यामुळे. मोठ्या डोंगरांना सुटणाऱ्या पकडीच्या वेगवान लिफ्ट हव्या होत्या, रिबलेट साध्या स्थिर खुर्च्यांतच मुरलेली. पण तिच्या लिफ्ट इतक्या जास्त आणि इतक्या साध्या की तिच्यामागे भाग बनवणाऱ्यांची बाजारपेठ उरली. क्लिपा, चाकं, बुश, खुर्च्यांचे हँगर, म्हणजे खुर्ची दोराला टांगणारे दांडे, आजही मिळतात. गिअरबॉक्स तर मुळातच बाजारातला असे. दोर कोणत्याही चांगल्या गिरणीचा चालतो. साधेपणामुळे ती बनवणाऱ्याच्या मागेही जगली.

यानची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगायलाच हवी. पोलंडमधून आलेले यानेक कुन्चिन्स्की यांनी साठच्या दशकात लिफ्ट इंजिनिअरिंग ही कंपनी काढली, पुढे ती नेवाडातल्या कार्सन सिटीत होती. स्वस्त, देखणी, पटकन उभी राहणारी लिफ्ट ही त्यांची ख्याती. १९८५च्या डिसेंबरात कोलोरॅडोतल्या कीस्टोनला त्यांच्या टेलर लिफ्टच्या बुलव्हीलचा, म्हणजे टोकाच्या मोठ्या चाकाचा, वेल्ड तुटला. दोरात लाट उठली, माणसं फेकली गेली, चाळीसहून अधिक जखमी झाले आणि दोघे दगावले. दहा वर्षांनी, २३ डिसेंबर १९९५ रोजी कॅनडातल्या व्हिसलरला त्यांच्या सुटणाऱ्या पकडीच्या लिफ्टवर पकड दोरावरून घसरली, खुर्च्या एकमेकींवर आदळल्या आणि चार खुर्च्या खाली पडल्या. तिथेही दोन माणसं गेली. त्या पकडीत पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे ठोकळे दाब देत होते. थंडीत आणि झिजेत रबर काय करतं ते वर चाकांच्या संदर्भात लिहिलंच आहे. १९९६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि त्या प्रकारच्या लिफ्टच्या पकडी बदलाव्या लागल्या किंवा लिफ्टच काढाव्या लागल्या. गंमत म्हणजे यानच्या साध्या, स्थिर पकडीच्या खुर्च्या मात्र दुरुस्ती-तपासणी करून कित्येक डोंगरांवर पुढे दशकानुदशकं चालल्या. एकाच कारखान्याच्या एका मालाला नमस्कार आणि दुसऱ्यापासून लांब, असं या धंद्यात असतं.

वय हा धोक्याचा खात्रीलायक निकष नाही, हे सांगायला दोन घटना पुरेत. मेन राज्यातल्या शुगरलोफला २८ डिसेंबर २०१० रोजी १९७५ सालची बोर्विग लिफ्टचा दोर जोरदार वाऱ्यात खांबावरच्या चाकांवरून उतरला, काही खुर्च्या खाली आल्या, आठ माणसं जखमी झाली. ती जुनी होती. मार्च २०१८ मध्ये जॉर्जिया देशातल्या गुदाउरीला खुर्ची उलट्या दिशेने सुसाट धावली, माणसं उड्या मारत होती. ती लिफ्ट या शतकातली, आधुनिक होती. वीज गेल्यावर चालवणाऱ्यांच्या हातून चूक झाली.

उलट धावणं म्हणजे रोलबॅक, हे आमचं सगळ्यात वाईट स्वप्न. वर जाणाऱ्या बाजूला माणसं बसलेली, उतरणारी बाजू रिकामी, त्यामुळे दोर सतत मागे यायला बघतो. मोटरपाशी एक ब्रेक, मोठ्या चाकाच्या कडेवर दुसरा, आणि चाक उलटं फिरलंच तर त्यात पडून अडवणारी पोलादी जीभ तिसरी. हे तिन्ही स्वतंत्र चालले पाहिजेत. म्हणून ठरावीक वर्षांनी खुर्च्यांमध्ये पाण्याची पिंपं किंवा वजनं ठेवून पूर्ण भाराची चाचणी घेतात, आणि मुद्दाम एक ब्रेक निकामी ठेवून दुसरा धरतो का ते बघतात. ही चाचणी बघायला मिळाली तर बघा. पन्नास वर्षांची लिफ्ट पूर्ण भार घेऊन चढावर जागच्या जागी थांबते तेव्हा अंगावर काटा येतो.

खांबावर दोर चाकावरून उतरला तर लिफ्ट आपोआप थांबावी म्हणून चाकांपाशी ठिसूळ धातूची छोटी कांडी असते. दोर सरकला की ती मोडते, तिच्यातून जाणारा बारीक प्रवाह तुटतो, लिफ्ट थांबते. जुन्या लिफ्टला ही कांडी मुळात नसायची, नंतर बसवली गेली. म्हणूनच मी म्हणतो की १९७०ची लिफ्ट आज १९७०ची नसते. दोर बदललेला, मोटर बदललेली, वायरिंग नवं, कांड्या नव्या, खुर्च्यांचे हँगर तपासलेले. दोराचा जोडही बघण्यासारखा असतो. दोन टोकं पेड उलगडून एकमेकांत विणतात, आणि अमेरिकी नियमाप्रमाणे जोडाची लांबी व्यासाच्या निदान १,२०० पट लागते. २८ मिलिमीटरचा दोर असेल तर जोड जवळजवळ ३४ मीटर. चांगला विणलेला जोड कुठे आहे ते आम्हालाही रंगाच्या खुणेशिवाय सापडत नाही.

जुनी लिफ्ट मनापासून जपायची ठरवली तर काय होतं ते मॅड रिव्हर ग्लेनमध्ये दिसतं. तो डोंगर १९९५ पासून स्कीवाल्यांच्याच सहकारी संस्थेचा आहे. सहकाराच्या मातीतून आलेल्या मला ही गोष्ट फार जवळची वाटते. १९४८ची एकेरी खुर्ची थकली तेव्हा सभासदांपुढे प्रश्न आला: दुहेरी बसवायची की एकेरीच नवी करायची? त्यांनी एकेरी निवडली. दुहेरीने दुप्पट माणसं वर गेली असती आणि तिथल्या अरुंद उतारांवर बर्फ टिकला नसता. २००७ मध्ये खांब हेलिकॉप्टरने उतरवले, घासून रंगवले, पुन्हा उभे केले. दोर, मोटर, खुर्च्या नव्या. काम केलं डॉप्पेलमायरच्या अमेरिकी शाखेने. म्हणजे अमेरिकन स्टील अँड वायरची लिफ्ट ऑस्ट्रियन घराण्याने नवी करून दिली. एकट्याने, गप्प, झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवर वर जाणं काय असतं ते अनुभवायचं असेल तर तिथे जा. राजगीरला विश्वशांती स्तूपाकडे नेणाऱ्या जपानी एकेरी खुर्चीत बसला असाल तर त्याची थोडी कल्पना तुम्हाला असेल.

उलटी बाजूही सांगतो, नाहीतर माझं उत्तर अर्धवट राहील. काही वर्षांपूर्वी एका लहान डोंगराच्या मालकाने मला हंगामाआधी तपासणीसाठी बोलावलं. नाव घेत नाही. लिफ्ट चांगल्या घराण्याची, वारस जिवंत, भाग मिळण्यासारखे. पण नोंदवही तीन वर्षं एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी. पकडी शेवटच्या कधी सरकवल्या विचारलं तर उत्तर मिळेना. दोरावर पकडीच्या जागी गंजाची वर्तुळं स्पष्ट दिसत होती, म्हणजे त्या कित्येक हंगाम हललेल्याच नव्हत्या. “यंदा सही करा, पुढच्या उन्हाळ्यात सगळं करतो,” असं म्हणाला. मी सही न करता परत आलो. ती लिफ्ट तुमच्या रिबलेटपेक्षा वयाने लहान होती.

म्हणून तुम्ही जिथे जाता तिथे काय बघावं ते सांगतो. सकाळी पहिल्या खुर्चीच्या अर्धा तास आधी पोचा. माणसं बसायच्या आधी रिकामी लिफ्ट फिरताना दिसली पाहिजे आणि त्यातल्या एखाद्या खुर्चीवर मिस्त्री बसून वर गेलेला दिसला पाहिजे. तो खांब बघत जातो. खांबांखाली बर्फावर ताज्या ग्रीसचे थेंब किंवा रबराचा चुरा दिसला तर वाईट वाटून घेऊ नका, तिथे कोणी काम करतंय असा त्याचा अर्थ. खालच्या खोलीतल्या माणसाला विचारा की क्लिपा कधी सरकवल्या. रिबलेटवर काम करणारा खरा माणूस या प्रश्नाने खूश होतो आणि पाच मिनिटं बोलतो. राज्याच्या तपासणीचा परवाना किंवा क्रमांक लिफ्टवर लावलेला असतो, तोही बघा. वारा जोरात असेल आणि त्यांनी लिफ्ट बंद ठेवली तर पैसे वाया गेले म्हणून भांडू नका.

मुलीबद्दल. माझ्या अनुभवात लहान मुलं पडतात ती यंत्र बिघडल्यामुळे जवळजवळ कधीच नाही. चढताना नीट बसली नाहीत, किंवा वर गेल्यावर वळून मागे बघायला लागली, म्हणून पडतात. रिबलेटच्या खुर्चीत पुढे आडवी दांडी नसते, पण मधला दांडा असतो आणि तो लहान मुलासाठी वरदान आहे. तिला त्याच्या बाजूला बसवा म्हणजे तिचा हात दांड्याला वेढा घालू शकेल. तुम्ही दांड्याच्या दुसऱ्या बाजूला. चढताना तुम्ही दोघांनी मागे वळून खुर्ची येताना बघायची, तिने आतल्या हाताने दांडा धरायचा, आणि पाठ पूर्ण टेकेपर्यंत तुमचा हात तिच्या पोटासमोर. पाठीवरची सॅक काढून मांडीवर घ्या. बसवणाऱ्या माणसाला आधीच सांगा, “मुलगी लहान आहे, वेग कमी करा.” तो करतो, त्याचं ते काम आहे. लिफ्ट मध्येच थांबली तर तिला सांगून ठेवा की खाली कोणी पडलं असेल, तेच नव्वद टक्के कारण असतं, आणि स्की हलवायचे नाहीत. वर उतरताना स्कीची टोकं वर, दांडा सोडायचा, आणि सरळ पुढे घसरत जायचं. बाजूला वळायचं नाही, कारण खुर्ची मागून येतच असते.